कुंकवाचा शॉट

जपानचा एक दिग्दर्शक आयुष्यभर सिनेमे करत आला आणि जे पडद्यावर आणता आलं नाही, त्याच्या त्यानं कादंबऱ्या केल्या. मलाही तसंच व्हायचं होतं. माझ्या पहिल्या सिनेमात विधवेचं काम आईनंच करावं, हा माझा हट्ट. तेलगावच्या आमच्या अंगणात कॅमेरा लागला, पण ती कुंकू पुसेना.

"तुजा बाप जित्ता हाय. खोटं बी पुसत न्हाईत," म्हणाली.

मी चिडलो, सिनेमा गुंडाळला आणि कुंकू पुसण्याचा तो प्रसंग कादंबरीत लिहिला. लोकांनी वाखाणला.

यंदा वडील गेले. त्याच अंगणात भावकीतल्या बायकांनी आईचं कुंकू पुसलं. ती रडली नाही. माझ्याकडं बघून एवढंच म्हणाली,

"आण तुजा कॅमेरा. आता घे."