पारणं नसलेला उपास

नोकरीत दरोडे पाहिले, खून पाहिले, पण निवृत्तीनंतर डोळ्यांपुढे येते ती एक उपाशी बाई. ती घटना विसरू म्हटलं तरी विसरता येत नाही.

मी तेव्हा चंद्रपूर शहरात ठाणेदार होतो. सरकारी रुग्णालयातून खबर आली. जवळच्या गावातली एक तरुण विवाहिता भोवळ येऊन पडली होती. लघवीच्या तपासणीत ती गरोदर दिसत होती, सोनोग्राफीत मात्र गर्भाशय रिकामं. डॉक्टरांना बेकायदा गर्भपाताचा संशय होता. ठाणे अंमलदाराने स्टेशन डायरीला नोंद घेतली आणि मी महिला हवालदाराला घेऊन निघालो.

तिचा नवरा माजरीच्या कोळसा खाणीत कामाला, तिथेच क्वार्टरमध्ये राहायचा. ती गावात सासूजवळ. दिवाळीनंतर तो घरी आलाच नव्हता आणि आता शिमगा तोंडावर होता. निरोप मिळताच तो रुग्णालयात आला होता, पण ‘गरोदर’ हा शब्द कानावर पडताच खोलीतून उठला, तो व्हरांड्यातच जाऊन बसला. मनातल्या मनात निकाल द्यायला माणसाला कोर्ट लागत नाही.

जबाब घ्यायला बसलो. हवालदार बाईंनी गोडीत विचारलं, मी जरा आवाज चढवला. ती भिंतीकडे पाहत राहिली. काय घेतलं ते कळल्याशिवाय डॉक्टरांना नेमके उपचार करता येईनात, आणि इकडे तिचा संसार मोडायला आला होता.

मग सासूला बाकावर बसवून विचारलं.

“माही सून लय देवभोळी हाय, साहेब. सोमवारी महादेवाचा, गुरुवारी दत्ताचा, शनिवारी मारुतीचा उपास. आताशा तं रोजच कोनता ना कोनता असते. मले वाटलं, मार्कंड्याच्या महादेवाच्या जत्रेचा नेम असन.”

“अन् उपास सोडते कशावर?”

“काकडी खाते. नाई तं सफरचंदाची फोड.”

इथे मी थबकलो. माझी बायको सोमवार करायची. दिवसभर कोरा चहा, पण संध्याकाळी वरण-भात, वडे, भाजी. ताटात जागा उरायची नाही. ती गेल्यापासून सोमवारची संध्याकाळ मला खायला उठते. देव उपाशी ठेवतो, पण पारण्याला पोटभर जेवूही घालतो. ज्या उपासाला पारणंच नाही, तो देवाचा नव्हे.

सासूला बाहेरच ठेवून आत गेलो. “पोरी, हा उपास कोणासाठी?”

तिचे डोळे भरून आले. “ते म्हनले, तू आता गाडीवर मावत नाई, क्वार्टरात कशी मावशीन? मले त्यायच्यासंग राहाचं हाय, साहेब. हे सासूपुढं कसं सांगू?”

मग सगळंच बाहेर आलं. शहरातल्या एका ब्युटी पार्लरच्या मागच्या खोलीत एक ‘डॉक्टर’ बाजाराच्या दिवशी तिला बारीक होण्याची सुई टोचायचा. खायला काकडी, एखादा फुलका, सफरचंद. जास्त खाल्लं तर सुई उलटते, अशी भीती घालून ठेवलेली. औषध निरीक्षक आणि पंच घेऊन आम्ही छापा टाकला. डॉक्टर कसला, कधीकाळचा कंपाउंडर. मुद्देमालात निघालं ते गरोदर बाईच्या अंगात तयार होणारं हार्मोन! लघवीच्या तपासणीत दिसलेलं गरोदरपण तिच्या पोटात नव्हतंच, सुईतून आलं होतं. आणि वजन उतरत होतं ते निव्वळ उपासमारीनं.

नवऱ्याला हे मीच सांगितलं. तो लहान पोरासारखा रडला. “म्या तं गमतीनं म्हनलो होतो, साहेब.”

आरोपीवर दोषारोपपत्र गेलं, त्याला शिक्षाही झाली. मी मात्र त्यानंतर कुठल्याही जबाबात ‘काय केलं’च्या आधी ‘कोणासाठी केलं’ हे विचारू लागलो. निम्मे गुन्हे आणि बहुतेक दुःखं त्या एका प्रश्नाशी येऊन थांबतात, असा माझा अनुभव आहे.

नवऱ्याला खरं कळलं त्याच संध्याकाळी तो पेजेची वाटी घेऊन तिच्या खाटेपाशी गेला. मी दारातच होतो. त्याने चमचा पुढे केला. ती त्याच्याकडे बघत म्हणाली,

“सुईनं मले काई नाई झालं. तुमी बाहीरच बसून राह्यले, थे लागलं.”