हरिभाऊ विरुद्ध देवमन गुरुजी

बुद्धिबळाचा पट मांडला की किस्से आपोआप जमतात, सांगणाराच कमी पडतो! सत्तरच्या दशकात मी रिसोडच्या एसटी स्टँडवर तिकिटं देत होतो, म्हणून हे सगळं डोळ्यांदेखत घडलं.

खेळणारे दोघंच. कंडक्टर हरिभाऊ आणि प्राथमिक शाळेतले देवमन गुरुजी. लहानपणापासूनचे दोस्त, पण स्टँडसमोरच्या हॉटेलात पट मांडला की पक्के वैरी!

*

एकदा वाशीमची गाडी भरली. ड्रायव्हर हॉर्न वाजवून थकला, पण कंडक्टर काही उठेना. शेवटी एक म्हातारी गाडीतून उतरून थेट पटाजवळ आली.

"काहून थांबली गाडी?"

"याचा वजीर फसला, आजी," गुरुजी म्हणाले.

"मंग दुसरा घ्या ना बाप्पा! मले वाशीमहून पुढं अनसिंगले जायाचं हाये!"

*

पुढे एक पांढरं प्यादं हरवलं. त्याच्या जागी शेंगदाणा ठेवू लागले. गुरुजी विचारात गढले की हाताला लागेल ते तोंडात टाकायचे. एके दिवशी हरिभाऊ ओरडले, "देवमन, सोताचंच प्यादं खाल्लं ना बे!"

गुरुजी चावत चावत म्हणाले, "मंग? माही चाल झाली. आता तू खेळ."

*

मग हरिभाऊंची लेक शोभा गुरुजींच्या घरी सून म्हणून गेली. लग्नाला महिना झाला नाही, तोच जयंतीच्या स्पर्धेत फायनलला दोघे व्याही समोरासमोर! विहारापुढे मांडव, सारा मोहल्ला हजर. हरिभाऊंच्या थोरल्या भावानं आधीच बजावलं होतं, "पोरीचा बाप हायेस तू. जिंकू नोको."

डाव रंगला. गुरुजींचा राजा कोपऱ्यात कोंडला. हरिभाऊंनी हत्ती उचलला. तो खाली ठेवला की मात!

पण हात हवेतच राहिला. समोरून थोरला भाऊ मान हलवून 'नको, नको' करत होता. हरिभाऊंनी बायकांच्या बाजूला पाहिलं. तिथं सासूशेजारी, डोक्यावर पदर घेऊन शोभा बसली होती. गुरुजींना सगळं कळत होतं, पण ते पटावरची नजर काढेनात.

तेवढ्यात शोभा ताडकन उभी राहिली. पदर खांद्यावर आला.

"बाबा, काहून थांबले? मारा ना माह्या सासऱ्याले!"

हत्ती खाडकन पटावर आला. आणि मांडवात पहिली टाळी वाजली, ती शोभाच्या सासूची!