पायाचे अंगठे बांधलेलं चित्र

सोनईहून नगरला निघालो ते काही चित्रं बघायला नव्हे. माझी धाकटी जाऊ सरू, तिच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलंय, त्याच्या तपासण्या होत्या. जाणाऱ्यांनी सकाळची एसटी धरावी, बायकांना अर्धं तिकीट आहे. इमामपूरचा घाट वळणावळणाचा, पोट तुडुंब भरून बसू नका. सरूला तेल बंद, तरी घोडेगावला भजी खाल्लीच.

घाटात म्हणते, "अक्का, दवाखान्यातच गेले तर मला अंघोळ कोन घालनार? नर्सा?"

गावात बाई गेली की अंघोळ घालायला, साडी नेसवायला मलाच बोलावतात. चाळीस वर्षं झाली.

"आधी मर तरी. मग बघू," मी म्हटलं. पुढची बाई वळून बघायला लागली.

रिपोर्ट चारला मिळणार होते. तोवर बाकावर बसून काय करायचं? जवळच जुन्या वस्तूंचं संग्रहालय आहे, तिथं शिरलो. आत गार आहे, बसायला जागा आहे. चष्मा मात्र न्या.

तलवारी, नाणी बघून झाली. कोपऱ्यात काचेखाली पोथीच्या पानाएवढं चित्र, पेशवाईतलं, नुसत्या काळ्या शाईचं. एक म्हातारी आडवी, दुसरी तिचे केस विंचरतेय. खाली लिहिलेलं : आजारी स्त्रीची सेवा.

मी काचेला नाक लावलं. "ही आजारी न्हाई. गेलेली हाय."

रखवालदार हसला. "आज्जी, साहेबांनी लिवलंय ते."

"साहेबांनी किती मढी धुतली? अंगठे बघ. मढ्याचेच असे बांधत्यात."

तो वाकला. दोन्ही पायांचे अंगठे दोऱ्यानं एकत्र बांधलेले, केसाएवढ्या बारीक रेघेत. "आयला! रोज पुसतो ही काच."

अडीचशे वर्षांमागं कुणीतरी उंबऱ्यात बसून हे बघितलं होतं. रडणारं एकही माणूस काढलं नव्हतं. विंचरणारीनं डोक्याखाली डावा हात घातलाय, मान लटकू नये म्हणून. मी तसाच घालते. मला कुणी शिकवलं नव्हतं. तिलाही नसणार. मी आपसूक हात जोडले.

सरू कधी जवळ आली कळलं नाही. "माझे बी असंच विंचरशील?"

टोमणा जिभेवर होता, बाहेर आला नाही. "व्हय," म्हटलं.

रिपोर्ट घेतले. परतीच्या गाडीत ती माझ्या खांद्यावर झोपली, घाटसुद्धा कळला नाही तिला.

आज रविवार. उद्या तिला भरती करायचंय. सकाळी आली ती तेलाची बाटली घेऊनच. ओसरीत बसवलं, मान मागं घेऊन डोक्याखाली डावा हात घातला आणि फणी लावली. गेलेल्या बाया गुमान विंचरून घेतात. ही मात्र दहादा ओरडली, "हळू की अक्का, दुखतंय!"

मी मुद्दाम आणखी एकदा ओढलं.