हिल्दार्दोची सुटलेली जीभ

पडदा वर जातो. सोन्सोन गावचा चौक, चर्चमधून नुकतीच बाहेर पडलेली माणसं, कॉफीवाल्याच्या दारात दोन खुर्च्या. एकीवर हिल्दार्दो, दुसरीवर मी, फाबियोला.

तीस वर्षं आम्ही त्रोवा गायलो. म्हणजे गाण्यातलं भांडण. मी त्याच्या टकलावर चार ओळी रचायच्या, त्याने माझ्या कंबरेवर. नियम एकच: समोरच्याची शेवटची ओळ उचलायची आणि तिच्यावरच उलटवायचं. संपलं की मिठी. एरवी हा माणूस कुत्र्यालाही अहो-जाहो करायचा.

अठ्ठावन्नाव्या वर्षी त्याची जीभ सुटली. भर चर्चमध्ये पाद्रीबाबांना म्हणाला, "आवरा आता, भूक लागलीय." लोकांनी टाळ्या वाजवल्या. सासूच्या शवपेटीशेजारी चीजच्या वड्यांचं ताट फस्त केलं, वर म्हणाला, "म्हातारी जिवंत असताना असे वडे मिळाले नाहीत!" पुन्हा हशा. त्रोवावाला तो, बोलणारच!

फक्त त्याची बायको नुबिया हसली नाही. तिने बॅग भरली.

"फाबियोला, मी चालले बहिणीकडे. आजारी असता तर हगणं-मुतणं काढलं असतं गं. पण हा मेला नुसता नालायक झालाय."

"रविवारी एकदा गाऊ दे त्याला माझ्यासमोर. मग जा."

रविवारी मी त्याच्या बुटांवर गायले, तो माझ्या कंबरेवर. मी पावसावर गायले. तो कंबरेवर, त्याच चार ओळी. तिसऱ्यांदाही त्याच. चौक टाळ्या पिटत होता. ज्याने माझी एक ओळ कधी खाली पडू दिली नाही, तो आता ऐकतच नव्हता.

आम्ही त्याला मेदेयिनला, मोठ्या शहरातल्या इस्पितळात नेलं. डॉक्टरणीने तारखा विचारल्या, नातवंडांची नावं विचारली. सगळं बरोबर.

"बघा! नाटकं नुसती," नुबिया म्हणाली.

"बाई, स्मृतिभ्रंशाचे प्रकार असतात. सगळ्यांत आधी विसरायलाच होतं असं नाही. यांच्या मेंदूचा पुढचा भाग झिजतोय. जिभेला लगाम घालणारा, दुसऱ्याचं दुःख कळणारा. बरं करणारं औषध नाही. पण हे मुद्दाम करत नाहीयेत."

घरी येऊन नुबियाने बॅग पलंगावर उपडी केली. "मेल्या, आधी सांगायचंस ना!" आणि त्याच्या टकलावर डोकं टेकून रडली.

सहा वर्षं तिने त्याचं सगळं केलं. शब्द आटत गेले, मग महिनाभर एकही नाही. एका दुपारी ती त्याला चमच्याने भरवत होती. त्याने घोट गिळला, तिच्याकडे पाहिलं आणि स्पष्ट बोलला. आम्ही दोघी पोट धरून हसलो. त्यानंतर तो गेला तोवर गप्पच होता. नुबिया ते वाक्य आजही भेटेल त्याला ऐकवते:

"हे सूप आहे की भांडी विसळलेलं पाणी गं?"