जेफ्रीकाकांची लाल खिडकी

उपासाच्या दिवशी तोंडाला काम नसतं, म्हणून कान जास्त चालतात की काय कोण जाणे! माझ्याकडे साठलेले बहुतेक किस्से सोमवारचेच आहेत. इंग्लंडमधल्या आमच्या बेसिंगस्टोकहून कारने वीस मिनिटांवर एक जुनं, चार-पाचशे वर्षांपूर्वीचं ट्यूडर घर आहे. मी तिथे दर सोमवारी व्हॉलंटियर म्हणून जाते, पाहुण्यांना खोल्या दाखवायला. आमचं टोळकं छोटंसं. तिकिटांवर ब्रेंडा, मॅनेजर क्लेअर, आणि सगळ्यांचे गुरू जेफ्री, वय एक्क्याऐंशी. बाकीचे त्यांना नुसतं जेफ्री म्हणतात. माझी जीभ वळत नाही, मी काका म्हणते. त्यांची बायको ॲनही इथेच गाइड होती. ती गेल्यापासून त्यांना घरी करमत नाही, त्यांचा सगळा जीव या घरात.

*

घराचा पुढचा भाग अस्सल. काळ्या ओकच्या तुळया, मधे पांढरा गिलावा. मागचा भाग मात्र तीनेकशे वर्षांनी कुणा हौशी मालकाने तसाच दिसावा म्हणून बांधलेला. आत विटांची भिंत, वर ठोकलेल्या फळ्या!

एका बाईंनी तिथे विचारलं, "या तुळया किती भार पेलतात हो?"

काकांनी फळीवर टकटक केलं. "काहीच नाही, मॅडम. नुसत्या चांगल्या कपड्यांत उभ्या आहेत. माझ्या मेव्हण्यासारख्या!"

*

घरात एक छोटं चॅपल, म्हणजे प्रार्थनेची खोली आहे. पहिल्याच महिन्यात मी सवयीने उंबऱ्याबाहेर बूट काढून आत गेले. मागे वळून पाहते तर काय, नॉटिंगहॅमहून कोचने आलेले चौदा पेन्शनर वाकून नाड्या सोडत होते! पुन्हा बूट चढवण्यात अर्धा तास गेला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

क्लेअर धावत आली आणि चॅपलमधल्या झिजत चाललेल्या लाद्यांकडे बघून म्हणाली, "हा नियम आपल्याला आधी का नाही सुचला?"

*

दारं सगळी बुटकी. ब्रेंडा दिवसभर "माइंड युअर हेड" ओरडते, तरी रोज एखादं कपाळ सुजतंच. काकांचं डोकं मात्र कधीच आपटलं नाही. प्रत्येक चौकटीखाली बरोबर वाकायचे.

मी एकदा म्हटलं, "काका, नजर काय तेज आहे तुमची!"

ब्रेंडाने माझ्याकडे पाहिलं, आणि ती परत तिकिटं मोजायला लागली.

*

संक्रांतीला मी काळी साडी नेसून गेले होते. वरच्या लांब गॅलरीत काका समोरून आले, दोन हातांवर थांबले आणि हसून म्हणाले, "मी जेफ्री. पहिल्यांदाच आलात का?"

दोन वर्षं मी त्यांच्याबरोबर काम करत होते.

"काका, मी आहे," म्हटल्यावर त्यांनी आवाज ओळखला. मग भिंतीचं लाकूड चाचपत हळूच म्हणाले, "क्लेअरला सांगू नकोस हं."

जिन्यावर लोकांना सांभाळणाऱ्याला दिसायलाच हवं, असा नियम आहे. कळलं असतं तर त्यांचं येणं त्याच दिवशी बंद झालं असतं. कोरलेल्या फळ्या बोटांनी मोजायच्या, अकरा पावलं टाकायची, मग वाकायचं, असं ते चालत. ब्रेंडाला वर्षभर ठाऊक होतं. त्या दिवसापासून हे गुपित सांभाळणाऱ्या आम्ही दोघी झालो. खुर्ची हलली, वाटेत दोर बांधला, की सकाळीच काकांच्या कानावर घालायचं.

*

घरी आल्यावर मी ह्यांना सांगितलं, "अहो, मी सोळा सोमवार धरतेय. जेफ्रीकाकांच्या डोळ्यांसाठी."

"अगं, पण ते चर्चला जातात ना?"

"शंकराला कुठे पोस्टकोड लागतो!"

*

शेकोटीवरच्या तुळईत सहा पाकळ्यांचं फूल कोरलेलं आहे. धुराड्यातून वाईट काही घरात शिरू नये म्हणून. काकांनी माझं बोट धरून त्यावरून फिरवलं. मी म्हटलं, "हे तर आम्ही दारात रांगोळीने काढतो!"

"मग वाईट येत नाही?"

"येतं, काका. पण जरा थांबून येतं."



*

सोळावा सोमवार. "गाइड आमच्याकडे बघून बोलत नाहीत," अशी कुणा पाहुण्याने काकांबद्दल तक्रार केली होती. क्लेअर म्हणाली, "जेफ्री, आज मी तुमच्या टूरबरोबर चालते." मी मागोमाग निघाले, तिकिटं टाकून ब्रेंडाही आली.

काका चुकले नाहीत. जिना, चौकट, गॅलरी, सगळं बिनचूक. शेवटी ते नेहमीप्रमाणे मोठ्या हॉलमधल्या लाल काचांच्या खिडकीपाशी आले.

खिडकीत काचा नव्हत्या! शुक्रवारी त्या दुरुस्तीला उतरवून प्लायवूड ठोकलं होतं. ब्रेंडाला वाटलं मी सांगितलं असेल, मला वाटलं ब्रेंडाने. काकांना तर आता उजेड-अंधारही कळत नव्हता.

त्यांनी हात पसरला. "खाली पाहा. या वेळेला उन्हाबरोबर ही लाल काच फरशीवर उतरते. माझी ॲन इथेच उभी राहायची, तिचे पांढरे बूट लाल व्हायचे. आज कशी पडलीय?"

पंधरा माणसं करड्या फरशीकडे बघत राहिली. ब्रेंडाने माझं मनगट घट्ट धरलं.

क्लेअर पुढे आली. तिने ठोकलेल्या प्लायवूडकडे एकदा पाहिलं, काकांकडे पाहिलं आणि त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली. मग आपल्या बुटांकडे बघत म्हणाली,

"घोट्यापर्यंत आलीय, जेफ्री."