तुळशीला जॅकेट, मला विंडचीटर

वेधशाळेने पाऊस सांगितला की आमचे बाबा छत्री घरी ठेवत. हे संस्कार घेऊन मी हॉलंडला आलो, त्यामुळे २००५च्या नोव्हेंबरात जे झालं ते व्हायचंच होतं.

मीनलची, म्हणजे माझ्या बायकोची, मैत्रीण नीता एन्स्खेडेहून कायमची पुण्याला परतत होती आणि आपली तुळस मीनलला देणार होती. बेस्ट या आमच्या गावी आल्यापासून मीनलला नोकरी नव्हती, आणि तिने लावलेली प्रत्येक तुळस मान टाकत होती. "ही तरी जगू दे," एवढंच तिचं मागणं. शेजारचे यानकाका म्हणाले, "ध्रुवाकडची हवा येतेय. दुपारनंतर बर्फ. उद्या जा." उद्याही चाललं असतं. पण रजा टाकली होती, आणि टाकलेली रजा वाया घालवणं आमच्या रक्तात नाही.

"नोव्हेंबरात कसला बर्फ?" मी म्हटलं आणि विंडचीटर घातला. माझं जाडं जॅकेट मीनलने गुपचूप मागच्या सीटवर टाकलं.

ए-५० हायवेने आर्नहेमवरून आपेलडोर्न, तिथून ए-१. दोन तासांचा निवांत रस्ता. पंपावरची कॉफी पाणचट असते, थर्मास न्यावा. आणि पेट्रोल आधी भरावं. मी वाटेत न भरता घरी परतल्यावर भरू म्हणालो, कारण बेस्टचा पंप स्वस्त.

नीताकडे थालीपीठ झालं, गप्पा लांबल्या. कुंडी देताना ती रडली, मीनलही रडली. मी डिकी उघडली.

"डिकीत?" दोघी एकदम म्हणाल्या. तुळस मीनलच्या मांडीवर बसली.

परतताना हेंगेलो गावाच्या अलीकडेच वारा फिरला. पावसाचा चिखलासारखा बर्फ झाला आणि मग नुसताच बर्फ, आडवा. आमचे टायर उन्हाळ्याचे. गाडी मला न विचारता तिरकी झाली. पुढे सगळा रस्ताच थांबला होता. पेट्रोलचा काटा बघून मी हीटर बंद केला.

"समीर, पानं गार पडलीत," मीनल म्हणाली. जॅकेट तुळशीला गुंडाळलं. मी विंडचीटरमध्ये कुडकुडत बसलो. अक्कल नाही तर नाही, निदान ऊब तरी असावी माणसाला.

मागच्या ट्रकचा ड्रायव्हर काचेवर टकटक करून म्हणाला, "बाळाला गरम दूध देऊ का?"

"बाळ नाही, झाड आहे," मीनल म्हणाली.

त्याने माझ्याकडे पाहिलं. "मग तुम्हीच प्या."

रात्रभर तिथेच अडकून सकाळी घरी पोचलो. दोन दिवसांत पानं काळी पडून गळाली. मीनल भांडली असती तर बरं झालं असतं. तिने वाळक्या मंजिऱ्या तेवढ्या खुडून ठेवल्या. पुण्याहून नीताचा फोन आला तेव्हा म्हणाली, "छान आहे गं, खिडकीत ठेवलीय. समीरने स्वतःचं जॅकेट दिलं तिला." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

उन्हाळ्याच्या तोंडावर त्याच मंजिऱ्यांचं बी त्याच कुंडीत उगवलं. तेव्हापासून मी हवामानाचा अंदाज देवाच्या आरतीसारखा ऐकतो. परवा थंडीची लाट सांगितली, म्हणून मी कुंडी उचलून बाथरूममध्ये ठेवली. लख्ख ऊन पडलं.

मीनलने कुंडी परत खिडकीत ठेवली. मग माझं जॅकेट आणलं, कुंडीजवळ खुर्चीवर टाकलं आणि म्हणाली, "असू दे इथेच. तुझ्या बाबांचंही कधीतरी चुकत असेल."