मास्तरचा गुडघा

बाई असूनही सगळी गल्ली तिला मास्तरच म्हणायची. कपडे शिवतो तो मास्तर. त्यात बाई काय नि पुरुष काय. नवऱ्यामागे तिने पायमशीनवर दुकान चालवलं, लेक शिकवली. मशीन मात्र कायम अनवाणी पायाने. चप्पल घातली की मशीनचं मन कळत नाही, म्हणे.

त्याच तळपायात एकदा लेकीला टाचणी दिसली. आत रुतलेली, भोवती रक्त सुकलेलं, आणि मास्तरला पत्ताच नाही. मधुमेह जुना होता.

"डॉक्टरकडे चल आई. नसा गेल्या असतील तर दुकान बंद. मशीन विकून टाकायचं."

"टाका. माझ्यासकट टाका."

डॉक्टरीण तरुण होती. तिने चिमट्यासारखा एक पोलादी काटा तळहातावर आपटला. तो गुणगुणू लागला.

"काकू, डोळे मिटा. थरथर लागतेय तोवर हो म्हणा. थांबली की सांगा."

काट्याची दांडी अंगठ्याच्या हाडावर टेकली. मास्तरला थरथर म्हणून काही लागेना. पण जन्म गेला होता मशीनचा आवाज ऐकण्यात. काट्याचा बारीक गुणगुणाट तिने कानाने पकडला. "हो... हो... थांबली." लेकीने सोडलेला सुस्कारा तिला ऐकू आला.

डॉक्टरणीला मात्र ती टाचणी पचत नव्हती. तिने काटा पुन्हा आपटला, हवेतच धरला आणि अंगठ्यावर पेनाचं टोपण टेकवलं.

"हो," मास्तर म्हणाली. "हो..."

"उघडा डोळे."

मास्तरने टोपण पाहिलं. "फसवता होय मला?"

"पाय वाचवायला फसवलं. तुम्ही?"

"दुकान वाचवायला." लाजबिज तिला काही वाटली नाही.

मग कानांवर हात ठेवून पुन्हा परीक्षा. अंगठा, नाही. घोटा, नाही. नडगीवर उगाच काहीतरी. गुडघ्यावर काटा टेकला तशी मास्तर म्हणाली, "हा आहे घरी."

डॉक्टरीण स्पष्ट बोलली. गेलेलं परत येईल याचा भरवसा नाही, राहिलेलं सांभाळा. अनवाणी एक पाऊल नको. तळपाय रोज तपासायचे.

"ऐकलंस ना?" लेक म्हणाली.

"ऐकलं. पाय गेलाय. गुडघ्याचं कोणी काही बोललं नाही."

दुसऱ्याच दिवशी तिने मशीन दुरुस्त करणाऱ्याला बोलावलं. "मोटर लाव. आणि तिचा पायाखालचा खटका वर घे, गुडघ्याने दाबेन असा."

"मावशी, पायाचा खटका पायालाच असतो."

"माझा नाही."

लेक दारात तोंड फुगवून उभी होती. पहिली कॉलर वाकडी आली. मास्तरने उसवली. दुसरीही वाकडी आली, तीही उसवली. तिसरी तिने लेकीच्या हातात दिली. लेकीने उलटसुलट करून पाहिली आणि आईसाठी बंद बूट आणायला गेली.

आता रोज संध्याकाळी लेक मशीनजवळ स्टूल ओढून बसते. मास्तर बूट काढते, एक पाय तिच्या मांडीवर देते. लेक बोटांच्या बेचक्यासुद्धा सोडत नाही.

"जरा थांबव की मशीन."

"तुला पाय हवाय ना? घे," मास्तर म्हणते, आणि दुसऱ्या गुडघ्याने शिवण पुढे नेते.